डॉमिनियनमध्ये आधी कोणतं पान खेळायचं?

प्रश्न असा आला आहे: काही महिन्यांपासून घरी डॉमिनियन हा पानं विकत घेत आपली गड्डी बांधायचा पत्त्यांचा खेळ खेळतो. परवा माझ्या हातात व्हिलेज, लॅबोरेटरी, स्मिदी, सेलर आणि एक इस्टेट (शेवटी गुण देणारं, पण पाळीत उपयोग नसलेलं पान) अशी पाच पानं आली. इस्टेट सोडली तर सगळीच खेळण्यासारखी, पण क्रम काही ठरवता येईना. दर वेळी असं अडायला होतं. क्रम ठरवायची काही रीत आहे का?

या हातापुरतं उत्तर आधी देतो. लॅबोरेटरी, मग व्हिलेज, मग स्मिदी आणि सगळ्यांत शेवटी सेलर. मात्र हा क्रम पाठ करून ठेवलात तर पुढच्याच हाताला तो चुकीचा ठरेल, म्हणून तो असाच का, हे सविस्तर सांगतो. डॉमिनियनमध्ये काय विकत घ्यावं यावर खूप बोललं जातं आणि हातातली पानं कोणत्या क्रमाने खेळावीत यावर फार कमी. सारखीच गड्डी असलेल्या दोन खेळाडूंपैकी एकाला प्रॉव्हिन्स हे आठ नाण्यांचं, भरपूर गुणांचं पान मिळतं आणि दुसरा सात नाण्यांवर अडकतो, ते पुष्कळदा क्रमामुळेच.

डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांनी हा खेळ 2008 मध्ये आणला आणि 2009 मध्ये त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा पुरस्कार मिळाला. गड्डी बांधण्याच्या खेळांची सगळी परंपरा इथून सुरू झाली. त्याच्या नियमांतली एक कंजुषी आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. दर पाळीला तुम्हाला एकच ॲक्शन, म्हणजे एक ॲक्शन पान खेळण्याची मुभा, आणि एकच खरेदी मिळते. मेंढीकोटात एका हाताला एकच पान टाकायचं असतं, त्यामुळे तिथे विचार 'कोणतं' एवढाच. इथे एका पाळीत दहा-बारा पानंही खेळता येतात, पण प्रत्येक ॲक्शन पानाला एक ॲक्शन लागते, आणि पहिलीनंतरची प्रत्येक ॲक्शन आधी खेळलेल्या पानानेच मिळवून दिलेली असते.

म्हणून हातातली पानं मनात दोन गटांत लावून घ्या. एक गट घेतलेली ॲक्शन परत देणाऱ्या पानांचा. लॅबोरेटरी दोन पानं देते आणि एक ॲक्शन परत करते, मार्केट एक पान आणि एक ॲक्शन देतं, व्हिलेज एक पान आणि दोन ॲक्शन. दुसरा गट ॲक्शन खाऊन टाकणाऱ्यांचा: तीन पानं देणारी स्मिदी, दोन नाणी देणारी मिलिशिया, विच, काउन्सिल रूम. यांना खेळाडू टर्मिनल म्हणतात. शेवटची ॲक्शन उरलेली असताना हातात पहिल्या गटातलं पान असूनही टर्मिनल खेळायचं नाही, एवढं तर नवख्यालाही दोन-चार डावांत कळतं. खरी गंमत आहे ती एकाच गटातल्या दोन पानांत आधी कोणतं, हे ठरवण्यात.

त्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: हे पान खेळल्यावर मला काय कळेल, आणि कोणता रस्ता बंद होईल? जे पान नवी माहिती देतं आणि कोणताही रस्ता बंद करत नाही, ते आधी. ज्या पानासाठी निवड करावी लागते, म्हणजे काय टाकून द्यायचं, काय ट्रॅश करायचं (खेळातून कायमचं काढायचं), काय दुप्पट करायचं, ते जितकं पुढे ढकलता येईल तितकं ढकलायचं. निवड तीच, पण सात पानं पाहून केलेली निवड पाच पानं पाहून केलेल्या निवडीपेक्षा बरी असते.

तुमच्या हातात लॅब पहिली येते ती यामुळेच. तिने दोन नवी पानं दिसतात, ॲक्शन एकची एकच राहते आणि व्हिलेज अजून हातातच असतं. त्या दोन पानांत थ्रोन रूम (दुसरं ॲक्शन पान दोनदा खेळू देणारं पान) निघाली, तर ती व्हिलेजवर लावायची की स्मिदीवर, हे दोन्ही रस्ते खुले असतात. व्हिलेज आधी खेळलं असतं, तर एकच पान पाहून त्यातला एक रस्ता आपण आपल्या हाताने बंद केला असता. थ्रोन रूम डावात नसेल तर लॅब आधी की व्हिलेज आधी, याने बहुधा फरक पडत नाही. तरीही सवय म्हणून लॅब आधी खेळा.

सेलर शेवटी का? सेलर खेळल्यावर एक ॲक्शन परत मिळते, हवी तितकी पानं टाकून द्यायची आणि तितकीच नवी उचलायची. म्हणजे हात मोठा होत नाही, फक्त कचरा बदलून मिळतो. आता तुमच्याकडे बदलण्यासारखी एकच इस्टेट आहे. लॅब, व्हिलेज आणि स्मिदी मिळून सहा पानं येतील, त्यात आणखी दोन-तीन निरुपयोगी पानं असतील, आणि मग तोच सेलर एकाच्या जागी तीन-चार पानं बदलून देईल. व्हिलेजने दोन ॲक्शन दिल्या, त्यातली एक स्मिदीने घेतली, म्हणजे सेलरसाठी एक शिल्लक आहे.

हेच व्हिलेज हातात नसेल तर हिशोब उलटतो. समजा हातात सेलर, स्मिदी, मिलिशिया आणि दोन इस्टेटी आहेत. एकच ॲक्शन आहे, आणि स्मिदी आधी खेळली तर ती गेली. मग सेलर कितीही चांगला असला तरी हातात बसून राहील. इथे सेलरच आधी. दोन इस्टेटी टाकून दोन पानं उचला. गड्डीत आठ पानं उरली असून त्यांत दोन व्हिलेज असतील, तर निदान एक व्हिलेज मिळण्याची शक्यता 28 पैकी 13, म्हणजे निम्म्याला जराशी कमी. मिळालं, तर स्मिदी आणि मिलिशिया दोन्ही खेळता येतात. नाही मिळालं, तरी इस्टेटींच्या जागी बहुधा काहीतरी बरंच आलेलं असतं.

यापेक्षा नाजूक मामला थ्रोन रूमचा. हे पान हातातलं दुसरं एक ॲक्शन पान दोनदा खेळू देतं, आणि इथे माहिती येण्याआधीच निवड करावी लागते. एक हात पूर्ण मांडून दाखवतो, कारण क्रमाचा सगळा विचार त्यात येतो.

हातात थ्रोन रूम, व्हिलेज, स्मिदी, मिलिशिया आणि एक कॉपर (एका नाण्याचं पान). गड्डीत दहा पानं, त्यांत आणखी तीन स्मिदी, बाकी सगळी नाणी आणि इस्टेटी. डिस्कार्ड (वापरून झालेल्या पानांचा ढीग) रिकामं.

पहिला रस्ता: व्हिलेज खेळा, मग थ्रोन रूम स्मिदीवर लावा. व्हिलेजचं एक आणि दुहेरी स्मिदीची सहा अशी सात पानं आली, एक ॲक्शन उरली. त्या सातांत एकही स्मिदी नसण्याची शक्यता 120 मध्ये 1. स्मिदी असली की ती खेळून उरलेली तीनही पानं हातात. अख्खी गड्डी उचलली, पण ॲक्शन शून्य. मिलिशिया तशीच पडून राहिली.

दुसरा रस्ता: थ्रोन रूम व्हिलेजवर. दोन पानं आणि चार ॲक्शन. मग हातातली स्मिदी खेळली की एकूण पाच पानं आली आणि तीन ॲक्शन उरल्या. आता पुढे जायला या पाचांत एक स्मिदी हवी, आणि ती खेळल्यावर एकूण आठ पानांत दुसरी हवी. दोन्ही जमलं तर इथेही अख्खी गड्डी हातात येते, शिवाय मिलिशियासाठी एक ॲक्शन शिल्लक राहते. हे जमण्याची शक्यता 8 पैकी 7.

आता यातला बरोबर कोणता, हे गड्डी सांगत नाही. तुम्हाला त्या पाळीत काय हवंय, त्यावर ते ठरतं. गड्डीतली सगळी नाणी मिळून आठ होत असतील आणि प्रॉव्हिन्स घेऊन मोकळं व्हायचं असेल, तर पहिला रस्ता. तो जवळजवळ खात्रीचा आहे. नाणी सहाच होत असतील, तर मिलिशियाची दोन नाणी मिळाल्याशिवाय प्रॉव्हिन्स येतच नाही, मग दुसरा रस्ता घ्या आणि आठात एकदा फसण्याची तयारी ठेवा. चांगले खेळाडू पाळीच्या सुरुवातीला थांबतात, ते हातातल्या पानांसाठी नव्हे. 'या पाळीत मला नेमकं किती हवंय' हा आकडा ते ठरवत असतात. तो आकडा ठरला की क्रम पुष्कळदा आपोआप सुटतो.

माहिती आधी आणि निवड नंतर, हा नियम दोन ठिकाणी मोडावा लागतो. पहिलं ठिकाण लायब्ररी. हातात सात पानं होईपर्यंत ती उचलू देते. म्हणजे हात जितका लहान, तितकं लायब्ररीचं देणं मोठं. समजा हातात फेस्टिव्हल, लायब्ररी, लॅब, एक कॉपर आणि एक इस्टेट आहे. आधीच्या सवयीने लॅब पहिली खेळलात, तर हात सहाचा होतो. मग फेस्टिव्हल खेळल्यावर पाच. लायब्ररी खेळायला घेतली की चार उरतात आणि ती फक्त तीन पानं देते. शेवटी हातात सात.

उलट करून पाहा. फेस्टिव्हल आधी: हातात चार, ॲक्शन दोन. लायब्ररी: हातात तीन उरतात, ती चार पानं देऊन सात करते, एक ॲक्शन शिल्लक. मग लॅब: सातातलं एक गेलं, दोन आली, हातात आठ. तीच पानं, तेवढ्याच ॲक्शन, आणि एक पान जास्त. लायब्ररीच्या आधी हात रिकामा करणारी पानं, लायब्ररीनंतर हात भरणारी. फेस्टिव्हल आणि लायब्ररीची जोडी इतकी नावाजलेली आहे ती यामुळेच; फेस्टिव्हल पान न देता दोन ॲक्शन, दोन नाणी आणि एक खरेदी देतं. व्हिलेज एक पान परत देतं, त्यामुळे लायब्ररीला त्याचा तितका उपयोग नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे पिसणं, आणि मला वाटतं, डॉमिनियनमध्ये सर्वांत कमी लक्ष दिलं जातं ते इथेच. गड्डी संपली की डिस्कार्ड पिसून नवी गड्डी होते. पण त्या क्षणी तुमच्या हातात असलेली आणि समोर मांडलेली पानं त्या पिसण्यात जात नाहीत. ती पुढच्या पिसण्यापर्यंत बाहेर राहतात. म्हणजे पाळीच्या मध्येच गड्डी संपवली, तर हातातली आणि खेळलेली सगळी पानं एक फेरी चुकतात. ती पानं चांगली असतील तर तोटा, इस्टेटी आणि गुण घटवणारी कर्स पानं असतील तर फायदा.

समजा गड्डीत एकच पान उरलंय. हातात लॅब, तीन-तीन नाण्यांची दोन गोल्ड, दोन नाण्यांचं एक सिल्व्हर आणि एक कॉपर. नाणी नऊ झाली, प्रॉव्हिन्स आठाला, खरेदी एकच. इथे लॅब खेळू नका. लॅबने दोन पानं उचलायची तर मध्येच पिसावं लागेल, आणि दोन गोल्ड, सिल्व्हर आणि लॅब अशी तुमची उत्तम पानं नव्या गड्डीच्या बाहेर राहतील. मिळालेल्या जादा नाण्यांनी काही विकतही घेता येणार नाही. लॅब हातातच ठेवून प्रॉव्हिन्स घेतला, तर पाळीच्या शेवटी पाच पानं उचलताना पिसलं जाईल आणि सगळी पानं त्यात असतील. हो, नवा प्रॉव्हिन्सही त्यात जाईल, पण दोन गोल्ड आणि लॅब यांच्या बदल्यात एवढं सोसायला हरकत नाही.

हातात लॅब आणि चार इस्टेटी असतील, तर मात्र लॅब बिनदिक्कत खेळा. मध्येच पिसलं जाऊ दे, इस्टेटी बाहेर राहतील आणि पुढचे एक-दोन हात स्वच्छ येतील.

आता सेलरकडे परत येतो, कारण पिसणं आणि सेलर यांचा संबंध फार जवळचा आहे. गड्डीत दोनच पानं आहेत, हातात सेलर, स्मिदी, दोन इस्टेटी, आणि ॲक्शन पुरेशा आहेत. सेलर आधी खेळलात तर इस्टेटी डिस्कार्डमध्ये जातात, गड्डीतली दोन पानं सेलरनेच संपतात, मग स्मिदीसाठी पिसावं लागतं, आणि त्याच इस्टेटी नव्या गड्डीत येतात. कदाचित लगेच हातातही. स्मिदी आधी खेळलात तर उरलेली दोन पानं उचलून पिसणं होतं, इस्टेटी तेव्हा हातात सुरक्षित असतात. नंतर सेलर: इस्टेटी आता रिकाम्या डिस्कार्डमध्ये पडतात आणि नवी पानं ताज्या गड्डीतून येतात. दोन्ही वेळा खेळलेली पानं तीच, पण दुसऱ्या क्रमाने कचरा पूर्ण एक फेरी दूर गेला. यासाठी गड्डीत किती पानं उरलीत हे माहीत हवं. आपल्या गड्डीतली पानं मोजायला नियमांची आडकाठी नाही, डिस्कार्ड चाळायला मात्र आहे. पाळी सुरू होताना मोजून घ्या. पाच सेकंद लागतात.

हार्बिंजर आणि सेंट्री हीसुद्धा याच कुळातली पानं. हार्बिंजर एक पान आणि एक ॲक्शन देतं, मग डिस्कार्डमधलं एक पान गड्डीवर ठेवू देतं. ते उचलायला नंतर व्हिलेज किंवा लॅब हातात हवी, म्हणून हार्बिंजर त्यांच्या आधी. आणि गड्डी संपण्याआधी, कारण एकदा पिसलं की डिस्कार्डमध्ये काही उरतच नाही. सेंट्री गड्डीवरची दोन पानं पाहून ती ट्रॅश किंवा डिस्कार्ड करू देते, नाहीतर हव्या त्या क्रमाने परत ठेवू देते. तीही लॅब आणि स्मिदीच्या आधी, म्हणजे त्यांच्या वाट्याला कचरा येत नाही. व्हॅसल गड्डीवरचं पान डिस्कार्ड करून, ते ॲक्शन असेल तर फुकटात खेळू देतं. वर काय आहे ते माहीत नसताना ते खेळणं हा जुगार, सेंट्रीनंतर खेळणं हा हिशोब.

समोरच्यावर परिणाम करणाऱ्या पानांत क्रमाचा विचार फारसा लागत नाही, एक जोडी सोडून. काउन्सिल रूम तुम्हाला चार पानं आणि एक खरेदी देते, पण बाकीच्या सगळ्यांना एकेक पान वाढवते. मिलिशिया त्यांचा हात तीन पानांवर आणते. दोन्ही हातात असतील आणि ॲक्शन असतील, तर काउन्सिल रूम आधी, मिलिशिया नंतर. त्यांना मिळालेलं सहावं पान मिलिशिया काढून घेते. उलट केलंत तर ते तीनावर येतात आणि मग तुम्हीच त्यांना चौथं पान देता.

नाण्यांचा क्रम मूळ खेळात महत्त्वाचा नाही. कॉपर आधी की गोल्ड आधी, बेरीज तीच. प्रॉस्पेरिटी या 2010 च्या विस्तारातल्या बँकेसारखी पानं आली की मात्र तो लागतो. बँकेची किंमत तुमच्यासमोर मांडलेल्या नाण्यांच्या पानांइतकी होते, तिच्यासह. म्हणून ती शेवटी. ऑनलाइन खेळताना सगळी नाणी एकदम टाकणारं बटण असतं. अशी पानं हातात असतील तेव्हा बँकेची वेळ येईपर्यंत एकेक पान आपल्या हातानेच मांडा.

संगणकावरच्या स्ले द स्पायरकडे वळणाऱ्यांना इथली एक सवय बदलावी लागते, तेही सांगून ठेवतो. मेगा क्रिटचा हा खेळ 2019 मध्ये पूर्ण स्वरूपात आला. गड्डी बांधायची ती तशीच, पण तिथे बहुतेक पानं खेळल्या खेळल्या डिस्कार्डमध्ये जातात, समोर मांडून राहत नाहीत. म्हणजे पाळीच्या मध्ये पिसलं गेलं तर आत्ताच खेळलेलं पान त्याच पाळीत पुन्हा हातात येऊ शकतं. डॉमिनियनमध्ये चांगलं पान पिसण्याआधी खेळणं तोट्याचं असतं, तिथे बरेचदा तेच फायद्याचं.

बाकी विचार मात्र तोच. आयर्नक्लॅड या तिथल्या पात्राकडे पानं खेळायला दर पाळीला तीन ऊर्जा असतात. बॅश दोन ऊर्जा घेऊन आठ घाव घालतं आणि शत्रूला व्हल्नरेबल करतं, म्हणजे पुढचे घाव दीडपट बसतात. स्ट्राइक एक ऊर्जा घेऊन सहा घाव. स्ट्राइक आधी मारलात तर सहा आणि आठ मिळून 14. बॅश आधी मारलात तर आठ आणि नऊ मिळून 17. बॅटल ट्रान्स हे शून्य ऊर्जेचं पान तीन पानं देतं, पण त्यानंतर त्या पाळीत एकही पान उचलू देत नाही. हातात पॉमेल स्ट्राइक असेल, जे घावासोबत एक पान देतं, तर ते आधी मारायचं. फुकटचं पान म्हणून बॅटल ट्रान्स आधी खेळलं, तर पॉमेल स्ट्राइकचं पान वाया जातं. पण त्यालाही अपवाद आहे: ऊर्जा एकच उरली असेल आणि ती पॉमेल स्ट्राइकवर घालवायची की संरक्षणावर, हेच ठरत नसेल, तर बॅटल ट्रान्स आधी खेळून तीन पानं पाहा आणि मग ऊर्जा कुठे घालवायची ते ठरवा. एक पान गेलं तरी चालेल, कारण पुढच्या क्षणी शत्रूचा घाव बसणार असतो आणि तो अडवणारं पान कदाचित त्या तिनातच असतं.